यांत्रिक सोबत्याची पारख

श्रोतेहो, आपल्याकडे एक जुनी म्हण आहे : साठी बुद्धी नाठी. घरातला म्हातारा माणूस एकच गोष्ट चारदा विचारू लागला, जेवण झाल्यावर 'मला कोणी जेवायला वाढलंच नाही' म्हणू लागला, की ही म्हण ठरलेलीच. कोणी त्याला म्हातारचळ म्हणतात, कोणी बाहेरची बाधा म्हणतात. विदर्भातल्या एखाद्या खेड्यात शेजारीण सहज बोलून जाते, "बुढ्याचं डोकं फिरलं हो माय." पण डोके काही फिरलेले नसते. तो एक आजार असतो. वैद्यकाच्या भाषेत त्याला डिमेन्शिया म्हणतात, आणि मराठीत आता स्मृतिभ्रंश हा शब्द चांगला रुळला आहे.

या आजाराच्या माणसांना सोबत करण्यासाठी परदेशात यंत्रे तयार झाली आहेत. हात लावला की मान हलवणारी, हाक मारली की वळून पाहणारी, काही तर बोलणारीसुद्धा. त्यांना सामाजिक यंत्रमानव म्हणतात. आपण म्हणाल, इथे शेतात पाणी लावायला माणूस मिळत नाही आणि तुम्ही यंत्रमानवाच्या गोष्टी काय सांगता? पण मंडळी, मोबाइल फोनही असाच कुठे तरी दूर निघाला होता. बघता बघता तो गुराख्याच्या खिशात आला. तेव्हा ही यंत्रे आपल्या दारी येण्यापूर्वीच त्यांची पारख कशी करावी हे समजून घेतलेले बरे. बाजारात बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, चाल पाहतो, जमल्यास जुंपूनही पाहतो. विकणारा सांगतो म्हणून कोणी बैल घेत नाही. मग म्हाताऱ्या आईजवळ ठेवायचे यंत्र नुसत्या जाहिरातीवर कसे घ्यायचे?

ही पारख कशी घडत गेली, तिला एक इतिहास आहे. तो आज थोडक्यात सांगतो.

इतिहासाची सुरुवात जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात करावी लागते. १९०१ सालच्या नोव्हेंबर महिन्यात तिथल्या मनोरुग्णालयात एका बाईला तिच्या नवऱ्याने आणून दाखल केले. तिचे नाव ऑगुस्ट डेटर. वय अवघे ५१ वर्षांचे. म्हणजे साठीही उलटली नव्हती. आपली म्हण इथेच खोटी पडते. तिची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांचे नाव होते आलोइस आल्झायमर. त्यांनी तिच्यासमोर बसून प्रश्न विचारले आणि तिची उत्तरे जशीच्या तशी लिहून ठेवली. नाव काय, असे विचारले तर ती म्हणाली, ऑगुस्ट. नवऱ्याचे नाव काय? तर पुन्हा, ऑगुस्ट. डॉक्टरांनी पेन्सिल, किल्ली अशा वस्तू दाखवाव्यात, तिने त्यांची नावे बरोबर सांगावीत आणि थोड्या वेळाने आपण काय पाहिले तेच तिला आठवू नये, असे चालले होते.

ही बाई १९०६ च्या एप्रिलमध्ये वारली. आल्झायमर तोवर म्यूनिक शहरी गेले होते. त्यांनी तिचा मेंदू मागवून घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि त्यात जमलेल्या गाठी व पेशींत झालेले गुंते पाहिले. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्यूबिंगेन येथे डॉक्टरांच्या सभेत त्यांनी ते सांगितले. सभेत त्यावर फारशी चर्चाही झाली नाही. पुढे १९१० साली एमिल क्रेपेलिन या नामांकित मानसोपचारतज्ज्ञाने आपल्या ग्रंथात या आजाराला आल्झायमरचे नाव दिले. स्मृतिभ्रंशाचे प्रकार अनेक आहेत. त्यांत हा सर्वांत जास्त आढळणारा. ऑगुस्ट डेटरची ती जुनी फाइल बरीच वर्षे हरवली होती. १९९५ साली ती फ्रँकफर्टच्या रुग्णालयाच्या दप्तरात सापडली.

ही हकीकत एवढ्यासाठी सांगितली की, या आजाराचे शास्त्र सुरू झाले तेच मुळी कोणी तरी रोग्यासमोर बसून नीट प्रश्न विचारले आणि उत्तर ऐकून घेतले म्हणून. सूक्ष्मदर्शक नंतर आला, आधी आली ती वही. यंत्राची पारख करतानाही आपल्याला याच ठिकाणी परत यायचे आहे.

आता आपल्या नागपुराकडे वळू. १८५३ साली भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि १८६१ साली नागपूर हे मध्य प्रांताचे मुख्य ठाणे झाले. पाठोपाठ १८६४ साली इथे वेड्यांचे इस्पितळ निघाले. आज प्रादेशिक मनोरुग्णालय म्हणून आपण ज्याला ओळखतो, ते हेच. त्या काळी कायदा होता तो १८५८ सालचा. नंतर १९१२ चा आला, त्यानंतर १९८७ चा आणि आता २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे. कायद्यांच्या या क्रमात एक वळण दिसते. जुन्या कायद्यांचा भर होता तो माणसाला कोणाच्या हुकमाने आत घ्यायचे आणि केव्हा सोडायचे यावर. २०१७ चा कायदा सुरू होतो तो आत असलेल्या माणसाच्या हक्कांपासून.

इंग्रजी अमदानीत अशा इस्पितळांचे वार्षिक अहवाल छापले जात. मध्य प्रांताचेही छापले जात. त्यांत तक्ते असत : वर्षात किती माणसे आली, किती बरी होऊन गेली, किती मरण पावली. सरकारी काम म्हणून ते बारकाईने केलेले असे. पण गुरुजी, आपण शाळेचा हजेरीपट भरता, तेव्हा पोरगा हजर आहे एवढेच त्यातून कळते. त्याचा दिवस कसा गेला ते कळत नाही. त्या तक्त्यांचेही तसेच होते. ज्याची मोजणी होते ते सरकारला दिसते, ज्याची होत नाही ते दिसत नाही. आत बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला दिवसभरात कोणी हाक मारली का, याला तक्त्यात रकानाच नव्हता.

याच नागपुरात १९२१ साली कमलाताई होस्पेट यांनी मातृसेवा संघ सुरू केला. बाळंतिणींची सेवा हे त्यांचे मूळ काम. पुढे याच संस्थेने म्हाताऱ्यांसाठी पंचवटी हा वृद्धाश्रमही चालवला. जन्माच्या वेळी आधार देणाऱ्या हातांनी आयुष्याच्या शेवटाकडेही पाहिले, ही गोष्ट आपण नागपूरकरांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. म्हणजे काळजीची परंपरा आपल्याकडे होती. अडचण होती ती ही की, चांगली काळजी कशी ओळखायची आणि कशी मोजायची, याची साधने जगातच कुठे नव्हती.

ती साधने आली विसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत. १९७५ साली अमेरिकेत मार्शल फोल्स्टीन, त्यांच्या पत्नी सुसान आणि पॉल मॅकह्यू या तिघांनी एक छोटी चाचणी प्रसिद्ध केली. एकूण गुण ३०. आज तारीख कोणती, ऋतू कोणता, आपण कोणत्या गावी आहोत? तीन शब्द सांगतो, ते थोड्या वेळाने परत सांगा. १०० मधून ७ वजा करा, त्यातून पुन्हा ७ वजा करा. कागदावर एक वाक्य लिहा. दहा मिनिटांत होणारी ही चाचणी जगभर पसरली.

पण मंडळी, यातली गोम आपल्या लक्षात आलीच असेल. जी आजी कधी शाळेची पायरीच चढली नाही, ती वाक्य कसे लिहिणार? इंग्रजी महिन्याची तारीख तिला सांगता येणार नाही. पण आज एकादशी आहे की नाही, पोळ्याला किती दिवस राहिले, हे ती बोटांवर मोजून सांगेल. शिकलेल्या शहरी माणसासाठी केलेली चाचणी तिला लावली, तर धडधाकट बाई आजारी ठरायची! हे ओळखून हरियाणातल्या बल्लभगड भागात मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातल्या, बहुतांशी निरक्षर वृद्धांसाठी हिंदीत वेगळी चाचणी तयार केली. ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. त्यांनी नुसते भाषांतर केले नाही, तर प्रश्न त्या माणसांच्या जगण्यातून घेतले. मापट्यात खोट असली की धान्य कितीही चांगले असले तरी माप चुकतेच. यंत्राच्या पारखीतही हा मुद्दा लागणार आहे.

आता यंत्रमानवाकडे येऊ. रोबोट हा शब्द जगाला दिला एका नाटकाने. चेकोस्लोव्हाकियातले लेखक कारेल चापेक यांनी १९२० साली ते लिहिले. शब्द सुचवला त्यांचा भाऊ जोसेफ याने. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे जमीनदाराकडे करायची सक्तीची मजुरी. आपल्याकडे जिला वेठ किंवा वेठबिगार म्हणत, तीच. म्हणजे या शब्दाच्या पोटातच फुकट राबणारा गडी बसलेला आहे.

यंत्राने राबावे, हे समजते. पण यंत्राने सोबत करावी, हे कुठून आले? १९६६ साली अमेरिकेतले प्राध्यापक जोसेफ वायझेनबाउम यांनी संगणकाशी टंकलेखन करून बोलण्याचा एक कार्यक्रम प्रसिद्ध केला. त्याचे नाव एलायझा. त्याला काहीही समजत नव्हते. आपण म्हणावे, 'मला आईची काळजी वाटते', की त्याने तेच शब्द उलटवून विचारावे, 'तुमच्या घरच्यांविषयी आणखी सांगा'. एवढीच त्याची करामत. पण माणसे त्याच्यापाशी मन मोकळे करू लागली. खुद्द वायझेनबाउम यांच्या चिटणीस बाईंना तो कार्यक्रम कसा तयार झाला हे ठाऊक होते. तरी थोडे बोलणे होताच त्यांनी प्राध्यापकांना विनंती केली की, आपण जरा खोलीबाहेर जाता का? वायझेनबाउम चपापले. पुढे १९७६ साली त्यांनी पुस्तक लिहून बजावले की, यंत्राला एखादे काम करता येते एवढ्यावरून ते त्याच्यावर सोपवावे असे होत नाही.

यात माणसाचा मूर्खपणा नाही हो. जीव लावणे हा माणसाचा स्वभाव आहे. आपल्या नागपुरात तान्हा पोळा असतो. पोरे लाकडी बैलाला झूल घालतात, माळ घालतात, घरोघर मिरवतात. ही चाल भोसल्यांच्या काळापासूनची सांगतात. त्या बैलावर पोराचा जीव असतो आणि त्यात कोणाची फसवणूकही नसते. तो बैल नांगर ओढणार नाही, हे पोरालाही ठाऊक असते आणि बापालाही. खेळण्याचे काम खेळणे करते, बैलाचे काम बैल करतो. घोटाळा होतो तो लाकडी बैल दाखवून खऱ्या बैलाचे पैसे कोणी मागू लागला तर. किंवा लाकडी बैल घेतला म्हणून गोठ्यातला खरा बैल कोणी विकून टाकला तर.

जपानमध्ये १९९३ साली ताकानोरी शिबाता यांनी एका यंत्र-प्राण्यावर काम सुरू केले. त्याचे नाव पारो. आपल्याला देवदासातली पारो आठवेल, पण हिचा तिच्याशी संबंध नाही! हा पारो म्हणजे सील नावाच्या समुद्री प्राण्याचे पांढरे, लोकरी पिल्लू. वजन सुमारे पावणेतीन किलो, म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या तान्ह्या बाळाएवढे. लोकरीखाली स्पर्श, उजेड आणि आवाज ओळखणारी यंत्रणा. कुरवाळले की डोळे मिटतो, आवाज काढतो, नाव घेतले की मान वळवतो. कुत्रा किंवा मांजर का केले नाही? कारण कुत्र्यामांजरांना आपण रोज पाहतो. यंत्रातली उणीव लगेच ध्यानात येते. सीलचे पिल्लू कोणी घरी पाळलेले नसते, त्यामुळे तुलना करायला मनात काही नसते. २००५ पासून जपानमध्ये त्याची विक्री सुरू झाली. २००९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला वैद्यकीय साधनांत जागा दिली. किंमत सुमारे सहा हजार डॉलर, म्हणजे आपल्या काही लाख रुपयांच्या घरात.

सुरुवातीच्या बातम्या मोठ्या गोड होत्या. गप्प बसणारी आजी पारोशी बोलू लागली, चिडणारे आजोबा शांत झाले. छायाचित्रे पाहून डोळ्यांत पाणी यावे. पण पारख करणारा विचारतो : बोलू लागली, पण कशाच्या तुलनेत? आजीच्या मांडीवर नुसते मऊ खेळणे ठेवले असते तर? कोणी पंधरा मिनिटे जवळ बसून हातच धरला असता तर? आधीच्या पुष्कळ तपासण्यांत माणसे मूठभर होती आणि तुलनेला काहीच नव्हते. नवी वस्तू आली की घरात चार दिवस सगळेच गोळा होतात. तो गुण वस्तूचा की गर्दीचा, हे कसे कळावे?

न्यूझीलंडमध्ये २०१३ साली एक तपासणी प्रसिद्ध झाली. एका वृद्धाश्रमातली ४० माणसे. त्यांतल्या काहींना १२ आठवडे पारोचा सहवास मिळाला, काहींना नेहमीचे कार्यक्रम. पारो मिळालेल्यांचे एकटेपण कमी झालेले दिसले. आश्रमात एक कुत्राही होता. माणसे कुत्र्यापेक्षा पारोला जास्त हात लावत, त्याच्याशी जास्त बोलत. ही यंत्राच्या बाजूची गोष्ट, आणि ती मान्य केली पाहिजे.

मोठी परीक्षा झाली ऑस्ट्रेलियात. क्वीन्सलँड प्रांतात वेंडी मॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २८ वृद्धाश्रमांतल्या, स्मृतिभ्रंश असलेल्या ४१५ माणसांवर ती घेतली. तिचे निकाल २०१७ साली प्रसिद्ध झाले. आश्रमांचे तीन गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे पाडले. पहिल्या गटात चालू पारो. दुसऱ्या गटात तोच पारो, पण आतले यंत्र बंद केलेला, म्हणजे नुसते लोकरी खेळणे. तिसऱ्या गटात नेहमीची काळजी. पहिल्या दोन गटांत आठवड्यातून तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटे, असे दहा आठवडे चालले. माणसे काय करतात याचे व्हिडिओ घेऊन नंतर ते तपासले.

युक्ती लक्षात आली ना? यंत्राची तुलना काहीच नसण्याशी केली नाही. त्याच लोकरीच्या, त्याच वजनाच्या, पण मुक्या खेळण्याशी केली. जणू खऱ्या बैलाशेजारी लाकडी बैल उभा करून पाहिले.

निकाल असा लागला. नेहमीच्या काळजीपेक्षा पारोच्या गटात आनंद जास्त आणि अस्वस्थपणा कमी दिसला. पण मुक्या खेळण्याशी तुलना केली, तेव्हा पारो एकाच गोष्टीत सरस ठरला : माणसे त्याच्याकडे जास्त पाहत, त्याच्याशी जास्त बोलत. मनःस्थिती आणि अस्वस्थपणा या बाबतीत खेळण्याहून तो वरचढ ठरला नाही. अस्वस्थपणा मोजण्याचा दुसरा एक ठरीव तक्ता लावला, तर तिन्ही गटांत फरकच दिसेना. पुढे २०१८ साली याच कामाचा खर्चाचा हिशेब प्रसिद्ध झाला. त्यात मुके खेळणे पैशाच्या मानाने किंचित जास्त फायद्याचे ठरले.

यावरून यंत्र टाकाऊ आहे, असे म्हणायचे का? नाही. गप्प झालेले माणूस बोलते होणे ही काही लहान गोष्ट नाही. ज्याने आईला महिनोन् महिने मुकी पाहिली आहे, त्याला विचारा. पण एवढे मात्र नक्की म्हणता येईल की, गोड बातमी आणि कसाला लागलेली गोष्ट यांत अंतर असते, आणि ते अंतर नेमके किती, हे मोजायची रीत आता माणसाच्या हाती आली आहे.

आता हे सारे आपल्या अंगणात आणून पाहू. २०२३ साली आपल्या देशातल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साठ वर्षांवरील माणसांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण शेकडा ७.४ निघाले. म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसे. पुरुषांपेक्षा बायकांत ते जास्त, आणि शहरापेक्षा खेड्यांत जास्त. 'हा शहरी लोकांचा आजार' असे जे कोणी म्हणत असतील, त्यांनी हा आकडा ध्यानात घ्यावा.

आणि ऑस्ट्रेलियातली ती ४१५ माणसे आश्रमांत होती. आपली बहुतेक माणसे घरी आहेत. त्यांची काळजी घेते ती सून, लेक किंवा स्वतःच सत्तरीला टेकलेली बायको. तिला रात्रीची झोप नाही, माहेरी जायची सोय नाही, शेतातली कामे वेगळीच. तेव्हा आपल्याकडे कोणी असे यंत्र आणले, तर पारख फक्त रोग्याची करून भागणार नाही. सूनबाईला तासभर डोळा लागला का, तिचा पदर धरून दिवसभर फिरणारी सासू थोडा वेळ कुठे रमली का, हेही मोजले पाहिजे. नाही तर जुन्या अहवालातल्यासारखा एक रकाना कोराच राहायचा.

भाषेचाही प्रश्न आहे. बोलणारे यंत्र आले, तर ते कोणती मराठी बोलणार? स्मृतिभ्रंशात मागाहून शिकलेले आधी जाते आणि लहानपणीचे बरेचदा शेवटपर्यंत टिकते. चंद्रपूर-भंडाऱ्याकडच्या आजीला झाडीबोली कळते, अमरावती-अकोल्याकडच्या आजोबांना वऱ्हाडी, गोंड घरातल्या म्हातारीला गोंडी. पुस्तकी मराठीत गोड बोलणारे यंत्र त्यांना परक्या कचेरीतल्या बाबूसारखे वाटेल. बल्लभगडच्या लोकांनी चाचणीबाबत जे केले, ते यंत्राबाबतही करावे लागेल.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा २०१३ सालचा मराठी चित्रपट आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्यात संस्कृतचे एक मोठे पंडित स्मृतिभ्रंशाने ग्रासले आहेत. ती भूमिका केली आहे मोहन आगाशे यांनी, आणि ते स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत. हे पंडित रस्त्यात हत्ती पाहतात आणि त्याच्यामागे चालू लागतात. पुढे माहुताची बायको त्यांना लेकरासारखे सांभाळते. ती त्यांच्या नात्याची नाही, त्यांची विद्या तिला कळत नाही, दोघांची भाषाही एक नाही. तरी ती त्यांना शांत करते. तिने त्यांची परीक्षा घेतली नाही की चूक दुरुस्त केली नाही. ती कुठल्याही यंत्राच्या तुलनेला ठेवण्याजोगी आहे. माणसाच्या सोबतीचा कस म्हणजे काय, ते तिच्याकडे पाहून समजते.

तेव्हा मंडळी, उद्या तालुक्याच्या गावी कोणी असे यंत्र घेऊन आले आणि ग्रामपंचायतीने, वृद्धाश्रमाने किंवा एखाद्या घराने ते घ्यावे म्हणू लागले, तर गुरुजींनी आणि बाईंनी गावाच्या वतीने हे प्रश्न विचारावेत. पहिला : तुलना कशाशी केली? काहीच नसण्याशी, साध्या खेळण्याशी, की माणसाच्या सोबतीशी? दुसरा : किती माणसांवर, किती दिवस पाहिले? नव्याची नवलाई संपल्यावर काय उरले? तिसरा : माप कोणाचे लावले? शिकलेल्याचे की न शिकलेल्याचे, आश्रमातले की घरातले? चौथा : ज्याच्यासाठी आणले त्याला विचारले का? शब्दांनी सांगता येत नसेल, तर त्याचा चेहरा, हात, झोप, भूक काय सांगते? काहींना असले यंत्र हातात दिलेले आवडत नाही, आपल्याला लहान मूल समजतात असे वाटते. त्यांचा मान राखलाच पाहिजे. पाचवा : यंत्र घरात ऐकते, पाहते, ते सारे साठवून कुठे पाठवते? आणि सहावा, सर्वांत मोठा : यंत्र आल्यावर माणसे जवळ जास्त बसू लागली की कमी? यंत्र मध्ये ठेवून नातू आजीशी बोलू लागला, तर ते यंत्र कामाचे. यंत्र आहेच म्हणून नातू बाहेर पडला, तर गोठ्यातला खरा बैल विकला गेला असे समजा.

आणि यंत्राची वाट न पाहता करण्यासारखे काम आजच पुष्कळ आहे. घरातले माणूस विसरू लागले, तर म्हण सांगून मोकळे होऊ नका. आधी डॉक्टरांना दाखवा. थायरॉइडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मनाची उदासी यांमुळेही विसर पडतो, आणि त्यांवर उपचार आहेत. आल्झायमरला अजून बरे करणारे औषध नाही, पण सांभाळण्याची रीत आहे. वाद घालू नका. 'मघाशीच सांगितलं ना' असे म्हणू नका. शांतपणे परत सांगा. भुलाबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या, भजन यांतले काही ना काही त्यांच्या ओठी अजून असेल. ते सुरू करून द्या. आणि जी बाई हे सगळे एकटीने ओढते आहे, तिला आठवड्यातून एक दुपार मोकळी मिळेल असे घरातल्या माणसांनी, शेजाऱ्यांनी पाहावे.

फ्रँकफर्टच्या त्या डॉक्टरांपाशी १९०१ साली उपाय काहीच नव्हता. होती फक्त एक खुर्ची, एक वही आणि ऐकून घेण्याची तयारी. आज पुष्कळ साधने आहेत, उद्या आणखी येतील. त्यांना दारातून परत पाठवायचे कारण नाही. आत घ्यावे, जुंपून पाहावे आणि कामाचे ठरले तर ठेवावे. पण म्हाताऱ्या माणसाजवळची खुर्ची रिकामी ठेवून ते करू नये, एवढेच आज आपल्याला सांगायचे होते.